पाडव्याची म्हैस फोटोत करडी का आली? : कॅमेऱ्याचे मोड आणि एक्स्पोजर

तांबडी_माती (धागालेखक)

नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो आणि माध्यमिक शाळेत शिकवतो. दिवाळीच्या आधी मी एक वापरलेला डीएसएलआर कॅमेरा घेतला, त्याच्यासोबत १८ ते ५५ मिमीची नेहमीची किट लेन्स आहे. ज्या गावात बाबूराव पेंटर यांनी खटपट करून चित्रपटाचा कॅमेरा घडवला, त्या गावात राहून मोड डायलवरच्या चार अक्षरांचा अर्थ आपल्याला कळू नये, याची खंत वाटते, म्हणून हा धागा काढतो आहे.

माझे तीन फोटो बिघडले आहेत आणि तिघांचे आकडे कॅमेऱ्यातून उतरवून येथे देत आहे.

पहिला फोटो तालमीतला आहे. माझा भाचा तिथे सराव करतो, त्यामुळे वस्तादांनी आत येण्याची परवानगी दिली. ऑटो मोडमध्ये फ्लॅश आपोआप उघडला आणि लढत थांबली, म्हणून मी पी मोड लावून आयएसओ ८०० केला. आकडे असे आले : ५५ मिमी, एफ ५.६, १/१५ सेकंद. आखाड्याची माती स्वच्छ दिसते, पण दोन्ही मल्ल धुरासारखे पुसट झाले आहेत.

दुसरा फोटो पाडव्याच्या दिवशी सजवलेल्या म्हशीचा आहे. सकाळी अकराचे कडक ऊन होते, म्हशीला तेल लावून चकचकीत केले होते, शिंगे रंगवली होती. फोटोत मात्र ती धुळीत लोळून आल्यासारखी करडी दिसते आणि तिच्या कपाळावरचे गोंडे पांढुरके झाले आहेत. आकडे : आयएसओ १००, एफ ८, १/१२५ सेकंद.

तिसरा फोटो त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगा घाटावर हातात कॅमेरा धरून काढला. आयएसओ ३२००, एफ ४.५, १/८ सेकंद. पणत्यांच्या ज्योतींच्या जागी पांढरे ठिपके आहेत, आकाश मळकट तपकिरी आहे आणि सगळाच फोटो हलला आहे.

एका परिचिताने मला असे सांगितले, की मॅन्युअल मोड लावल्याशिवाय खरे छायाचित्रण येत नाही, तेव्हा बाकीचे मोड विसरून थेट एम वर जावे. हा सल्ला योग्य आहे का?

जुना_रोल

आपण आकड्यांसह विचारले हे फार चांगले केले, कारण बिघडलेल्या फोटोचे आकडे नसतील तर सल्ला देणारा केवळ अंदाज बांधत बसतो. मी फिल्मच्या काळात शिकलो. त्या वेळी ३६ फोटोंचा रोल धुऊन येईपर्यंत चूक कळत नसे आणि तोवर कोणता आकडा लावला होता हेही आठवत नसे, म्हणून वही ठेवावी लागे. आज कॅमेरा ती वही आपोआप लिहितो.

आधी मुळापासून पाहू. आपल्याकडे उसाला पाणी देताना दार किती उघडले आणि किती वेळ उघडे ठेवले, या दोन गोष्टींवर सरीत किती पाणी जाईल हे ठरते. कॅमेऱ्यात छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, हे दाराचे उघडणे आहे आणि शटरस्पीड हा त्याचा वेळ आहे. छिद्राचे आकडे १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात आणि प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. आकडा मोठा आणि छिद्र लहान, हा उलटा हिशेब नवशिक्याला गोंधळात टाकतो, पण त्याचे कारण सरळ आहे : लेन्सच्या मिलिमीटरला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. ५० मिमीच्या लेन्सवर एफ २ म्हणजे २५ मिमी व्यास आणि एफ ४ म्हणजे साडेबारा मिमी. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होते, म्हणून २ पासून ४ पर्यंत दोन पायऱ्या मोजाव्या लागतात. या पायरीला आपण सगळे स्टॉप म्हणतो. शटरस्पीड १/१२५ वरून १/२५० केला तर एक स्टॉप प्रकाश कमी होतो आणि आयएसओ ४०० वरून ८०० केला तर चित्र एक स्टॉप उजळते.

आयएसओबद्दल एक गैरसमज मला नेहमी दिसतो. आयएसओ वाढवल्याने कॅमेऱ्यात जास्त प्रकाश येत नाही; जो थोडा प्रकाश आला त्याचा संकेत फुगवला जातो. सावल्यांत दिसणारे रंगीत कण, ज्यांना आपण नॉईज म्हणतो, ते मुख्यतः मुळात प्रकाश कमी पडल्यामुळे असतात. म्हणून आयएसओला घाबरून शटरस्पीड मंद करण्यात काहीच शहाणपण नाही. कणीदार पण स्पष्ट फोटो ठेवण्याजोगा असतो. हललेला फोटो सुधारण्याचा उपाय माझ्या तरी माहितीत नाही.

आता तालमीचा फोटो घेऊ. माती स्थिर आहे आणि मल्ल पुसट आहेत, म्हणजे कॅमेरा फारसा हलला नव्हता. १/१५ सेकंदात मल्लच हलले. कुस्तीतील पकड स्पष्ट येण्यासाठी निदान १/२५० तरी हवा, डावाच्या क्षणी १/५०० चांगला. १/१५, १/३०, १/६०, १/१२५, १/२५० असे मोजले तर आपल्याला चार स्टॉप कमी पडत आहेत. केवळ आयएसओने भरून काढायचे ठरवले तर ८०० वरून १२८०० पर्यंत जावे लागेल, जे जुन्या कॅमेऱ्याला झेपणार नाही. दुसरा मार्ग असा, की आपली किट लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ पेक्षा अधिक उघडत नाही, पण १८ मिमीवर ती एफ ३.५ पर्यंत उघडते, म्हणजे सव्वा स्टॉपहून थोडे अधिक मिळते. वस्तादांच्या परवानगीने आखाड्याच्या कडेला जवळ बसा, लेन्स १८ मिमीवर ठेवा, शटरस्पीडसाठी १/१२५ वर समाधान माना आणि ज्या क्षणी दोघे पकडीत थबकतात तो क्षण टिपा. मग आयएसओ ३२०० च्या आत काम होते. पुढे कधी ५० मिमी एफ १.८ ची लेन्स घेतलीत, तर ५.६ पासून १.८ पर्यंत सव्वातीन स्टॉपहून अधिक प्रकाश मिळेल आणि तालमीतल्या त्याच उजेडात १/२५० साठी आयएसओ १२५० पुरेल. फ्लॅश मात्र आत पुन्हा नको. त्याने मल्लांचे लक्ष विचलित होते, आणि हवेत उडालेली बारीक माती समोरच्या प्रकाशात पांढरी चमकून फोटोचा सगळा रंग घालवते.

म्हशीचा फोटो मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एक्स्पोजरचे, म्हणजे फोटोला एकूण किती प्रकाश मिळावा याचे, मर्म त्यात आहे. कॅमेऱ्यातील प्रकाश मोजणाऱ्या मीटरला आपण कोणती वस्तू दाखवत आहोत हे कळत नाही. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे, साधारण १८ टक्के प्रकाश परत पाठवणारे आहे, असे गृहीत धरून तो हिशेब करतो. काळ्या म्हशीने फोटोची चौकट भरली की त्याला वाटते अंधार आहे, म्हणून तो प्रकाश वाढवतो आणि काळ्याचे करडे होते. याच कारणाने दुधाची चरवी किंवा पांढरा फेटा जवळून टिपला की तोही करडाच येतो, कारण तिथे मीटर प्रकाश घटवतो. आपल्या आकड्यांतच याचा पुरावा आहे. कडक उन्हात एफ १६ ठेवावा आणि शटरस्पीड आयएसओच्या आकड्याइतका ठेवावा, असा फिल्मच्या काळापासूनचा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने आयएसओ १०० ला एफ १६ आणि १/१००, म्हणजेच एफ ८ आणि १/४००. कॅमेऱ्याने दिला १/१२५, म्हणजे पावणेदोन स्टॉपच्या आसपास जास्त प्रकाश. अधिक-उणे चिन्हाचे बटण असते ते एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. म्हशीसाठी ते उणे एक ते उणे दीड ठेवा, पांढऱ्या वस्तूंसाठी अधिक एक ठेवा, आणि मग पडद्यावर हिस्टोग्राम पाहा, म्हणजे फोटोत डावीकडे काळे आणि उजवीकडे पांढरे किती आहे हे दाखवणारा आलेख. तेल लावलेल्या अंगावरची उन्हाची चमक जळू नये, इतके पाहिले की पुरे.

राहिला प्रश्न मॅन्युअलचा. एम मोड लावून मीटरचा काटा शून्यावर आणला, तर म्हैस पुन्हा करडीच येणार, कारण मीटर तोच आहे आणि आपण त्याचेच ऐकले आहे. मोड बदलल्याने प्रकाशाची समज येत नाही. पुढच्या-मागच्या वस्तू किती स्पष्ट हव्यात हे महत्त्वाचे असेल तर ए मोड, ज्याला कॅननवर एव्ही म्हणतात, लावून छिद्र आपण ठरवावे. हालचाल महत्त्वाची असेल तर एस मोड, म्हणजे कॅननवरचा टीव्ही, लावून शटरस्पीड आपण ठरवावा. पी मोडमध्ये दोन्ही कॅमेरा ठरवतो, पण कॉम्पेन्सेशन, आयएसओ आणि बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश आपल्या हाती राहतो, म्हणून ऑटोपेक्षा तो शतपटीने बरा. तीन आकड्यांपैकी कोणता आपल्याला ठरवायचा आहे, हा प्रश्न फोटो काढण्याआधी स्वतःला विचारण्याची सवय लागली, की मोड आपोआप सुचतो.

कळंब्याची_वाट

मीही नवशिकी आहे आणि वर दिलेल्या माहितीनंतर एक शंका विचारते. ए मोड लावून मी घरातील देवघराचे फोटो काढले. एफ ३.५, ५.६ आणि ११ असे तीन वेळा छिद्र बदलले, पण तिन्ही फोटोंचा उजेड सारखाच आला. छिद्र लहान केले की फोटो गडद व्हायला हवा ना? माझ्या कॅमेऱ्यात दोष आहे का?

पहाटवारा

आपला कॅमेरा उत्तम चालतो आहे. ए मोडमध्ये आपण छिद्र एक स्टॉप लहान केले की कॅमेरा शटर दुप्पट वेळ उघडे ठेवतो, त्यामुळे एकूण प्रकाश तेवढाच राहतो. त्या तीन फोटोंचे शटरस्पीड पाहा, एफ ११ चा फोटो बहुधा हललेलाही असेल. उजेडच बदलायचा असेल तर कॉम्पेन्सेशन वापरावे लागते. मात्र तिन्ही फोटोंत निरांजनाच्या मागची भिंत किती स्पष्ट आहे हे ताडून पाहा, कारण छिद्राने खरा फरक तिथे पडतो.

आता धागालेखकांच्या घाटावरच्या फोटोविषयी लिहिते, कारण त्या पहाटे मी बहुतेक वर्षी तिथे असते. जुना_रोल यांचे म्हणणे मला मान्य आहे, पण मॅन्युअल मोडची बाजू त्यांनी थोडी हलकी मांडली असे मला वाटते. प्रकाश स्थिर असेल आणि चौकटीतल्या वस्तू मात्र बदलत असतील, तर एम मोडच उपयोगी पडतो. घाटावर कॅमेरा थोडा डावीकडे वळवला की पणत्या जास्त येतात, उजवीकडे वळवला की काळे पाणी जास्त येते, आणि मीटर प्रत्येक वेळी मत बदलतो, तरी पणतीची ज्योत आहे तेवढीच असते. अशा ठिकाणी मी एकदा हिशेब करून आकडे बांधून ठेवते. नाटकाच्या रंगमंचावरही हेच लागू पडते, कारण मागच्या काळ्या पडद्यामुळे मीटर फसतो आणि कलाकाराचा चेहरा पांढरा पडतो.

घाटासाठी ट्रायपॉड अत्यावश्यक आहे. तो लावला की आयएसओ १०० किंवा २०० वर आणता येतो, छिद्र एफ ८ ठेवता येते आणि शटर १ ते ४ सेकंद उघडे ठेवता येते. बटण बोटाने दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. लेन्सवर कंपन रोखणारी सोय असेल तर ट्रायपॉडवर असताना ती बंद करावी, कारण काही लेन्स न हलणाऱ्या कॅमेऱ्यातही कंपन शोधत राहतात आणि त्यानेच चित्र पुसट होते. एवढ्या वेळात वाहते पाणी मऊ होऊन पणत्यांची प्रतिबिंबे लांब सोनेरी रेघांसारखी येतात. माणसे पुसट होतात, तेव्हा पणती लावायला वाकलेली एखादी व्यक्ती क्षणभर स्थिर होईल तोवर थांबावे.

वेळेचे महत्त्व सेटिंगइतकेच आहे. आपला फोटो पूर्ण अंधारात काढलेला दिसतो. सूर्योदयाच्या अर्धा-पाऊण तास आधी आकाश गडद निळे होते आणि त्या निळ्या उजेडाचा आणि पणत्यांचा तोल काही मिनिटे जुळतो. त्या काळात प्रकाश झपाट्याने वाढतो, म्हणून दर दोन-तीन फोटोंनंतर आकडे तपासावे लागतात, आणि तेव्हा बांधून ठेवलेला एम मोड उलट अडचणीचा होतो, हेही मी मान्य करते. मी त्या मिनिटांत ए मोडवर जाते आणि कॉम्पेन्सेशन उणे एक ठेवते, कारण निळे आकाश दिवसासारखे उजळ करण्याची कॅमेऱ्याला ओढ असते.

पौर्णिमेची पहाट असल्यामुळे मावळता चंद्र पश्चिमेला असतो आणि तो पणत्यांसोबत घ्यावा असे प्रत्येकाला वाटते. चंद्रावर सूर्याचाच प्रकाश पडलेला असतो, म्हणून त्याला जवळपास दिवसाचे एक्स्पोजर लागते : आयएसओ १०० ला एफ ११ आणि १/१०० च्या आसपास, क्षितिजाजवळ आल्यावर थोडे अधिक. पणत्यांसाठी दोन सेकंद ठेवले की चंद्राची पांढरी टिकली होणारच. एका फोटोत दोन्ही साधत नाहीत, हे आधी स्वीकारलेले बरे.

जुना_रोल

पहाटवारा यांनी केलेली दुरुस्ती मला मान्य आहे आणि ती मी माझ्या मांडणीत घालून घेतो. एम मोडचा उपयोग आहेच. मात्र त्यात ऑटो आयएसओ चालू ठेवला असेल, तर आयएसओ पुन्हा मीटरच ठरवतो आणि काळ्या पडद्याची तीच चूक परत येते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. तालमीसारख्या ठिकाणी, जिथे खिडकीतून येणारा उजेड कोपऱ्यागणिक बदलतो, तिथे ऑटो आयएसओची वरची मर्यादा ३२०० ठरवून तो वापरायला माझी हरकत नाही.

काहील_चुलवाण

माझ्याकडे कॅमेरा नाही, फक्त मोबाइल आहे. करवीर तालुक्यात आमचे गुऱ्हाळ आहे आणि सध्या हंगाम चालू आहे. काहिलीतून वाफ उठते, चुलवाणात जाळ असतो आणि शेडच्या दारातून कडक ऊन येते, त्यामुळे फोटोत एकतर गुळव्या काळा दिसतो किंवा बाहेरचे शेत पांढरे होते. या धाग्यातील काही मोबाइलला लागू पडते का?

जुना_रोल

बहुतेक सगळे लागू पडते. बहुसंख्य मोबाइलमध्ये छिद्र कायमचे ठरलेले असते, म्हणून तिथे फक्त शटरस्पीड आणि आयएसओ उरतात. पडद्यावर बोट ठेवल्यावर जे सूर्याचे चिन्ह येते आणि वर-खाली सरकवता येते, ते म्हणजेच एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. गुळव्याच्या चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा, फोकस आणि उजेड तिथे बांधले जातील, मग चिन्ह किंचित खाली ओढा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उभे राहण्याची जागा बदला. दार पाठीशी घेतले की बाहेरचे ऊन गुळव्याच्या अंगावर पडते आणि चौकटीत अंधार-उजेडाची ओढाताण राहत नाही. वाफ हवी असेल तर मात्र दार तिच्या मागे किंवा बाजूला यायला हवे, कारण वाफेत उजेड मागून शिरला तरच ती उठून दिसते. त्या वेळी माणूस सावलीसारखा काळा आला तरी चालेल, त्याच्या हातातील काठीचा आकार स्पष्ट राहील एवढे पाहा.

तांबडी_माती

दोन महिन्यांनी परत लिहितो आहे. सगळ्यांनी दिलेला वेळ वाया गेला नाही, हे सांगणे माझे कर्तव्य आहे.

रंकाळ्यावर सलग दहा संध्याकाळी एकाच जागी उभा राहून मी प्रत्येक दृश्य उणे एक, शून्य आणि अधिक एक असे तीनदा टिपले आणि घरी येऊन आकडे वहीत उतरवले. सूर्य पाण्याजवळ आला, की शून्यावर काढलेल्या फोटोत आकाश फिकट होते आणि उणे एकवर केशरी रंग टिकतो, हे आता फोटो काढण्याआधीच मनात येते. गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर पुन्हा म्हशींचे फोटो काढले. संध्याकाळचा उजेड होता, म्हणून आयएसओ ८०० ठेवला आणि कॉम्पेन्सेशन उणे दीडच्या जवळ नेले. म्हैस काळी आली. मात्र त्याच फोटोत धारेचे दूध आणि चरवी छान पांढरी राहिली, याचे मला आश्चर्य वाटले, कारण पांढऱ्यासाठी अधिक एक ठेवा असे येथे सांगितले होते. विचार केल्यावर उलगडले, की चौकटीत म्हैसच जास्त होती, मीटर तिच्यामुळेच फसला होता, आणि ती चूक दुरुस्त केल्यावर काळे आणि पांढरे दोन्ही आपापल्या जागी बसले.

तालमीत १८ मिमी, एफ ३.५, १/१२५ आणि आयएसओ ३२०० असे फोटो काढले. चाळीसपैकी सहा स्पष्ट आहेत. त्यातला एक मोठा करून वस्तादांना दिला आणि त्यांनी तो भिंतीवर लावला.

आता माघातल्या रविवारी जोतिबाच्या डोंगरावर खेट्यांना, म्हणजे रविवारच्या वारीला, कॅमेरा न्यायचा विचार आहे. गुलालाचा रंग माझ्या मोबाइलमध्ये नेहमी सपाट गुलाबी डागासारखा येतो. कॅमेऱ्यात काय करावे?

पहाटवारा

चाळीसपैकी सहा हे प्रमाण कुस्तीसाठी चांगले आहे.

गुलालात लाल रंग इतका प्रखर असतो, की एकूण हिस्टोग्राम ठीक दिसत असतानाही त्यातला लाल भाग टोकाला जाऊन कापला जातो आणि गुलालातले उतार-चढाव पुसले जातात. म्हणून तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम दाखवणारा पडदा निवडा, लाल आलेख उजव्या कडेला आदळत असेल तर कॉम्पेन्सेशन उणे दोन-तृतीयांश किंवा उणे एक करा, आणि रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, फोटो काढा. उधळलेला गुलाल हवेत थबकलेला हवा असेल तर एस मोडवर १/१००० ठेवा. तो धुरासारखा पसरलेला हवा असेल तर १/३० करून पाहा, पण मग कॅमेरा दगडी कठड्यावर टेकवा.

डोंगरावर लेन्स बदलू नका. घरूनच लेन्स लावून निघा आणि कॅमेऱ्याला पारदर्शक पिशवी बांधून फक्त लेन्सचे तोंड मोकळे ठेवा, कारण गुलालाचे कण सेन्सरवर बसले तर पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशावर डाग दिसतात. उतरल्यावर आधी ब्लोअरने कण उडवा आणि मगच कापड लावा. कोरडा गुलाल काचेवर घासला तर ओरखडे पडतात.